वाचकांचे प्रश्न : चित्रे काढून अन्याय थांबतो का?

प्रश्न : शांततेसाठी झटणाऱ्या चळवळींमध्ये कलावंतही दिसतात, परंतु चित्राने वा गाण्याने प्रत्यक्षात काय बदलते?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. पिकासोने १९३७ मध्ये गेर्निका शहरावरील बॉम्बहल्ल्याचे भव्य चित्र रंगवले, तरी स्पेनमधील यादवी युद्ध त्यामुळे थांबले नाही. मात्र कलेचे काम तेवढ्यावरच मोजणे मला अन्यायाचे वाटते.

चिलीचे उदाहरण पाहा. सप्टेंबर १९७३ मध्ये तेथे लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर हजारो लोकांना अटक झाली आणि अनेक जण कायमचे बेपत्ता झाले. त्यांच्या आया, पत्नी आणि बहिणी एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांचे तुकडे शिवू लागल्या. कधी कधी तर त्या चिंध्या हरवलेल्या माणसाच्याच कपड्यांच्या असत. तुरुंग, रिकामी खुर्ची, ‘ते कोठे आहेत?’ असा फलक, हे सारे त्या कापडावर उमटले. वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण असताना ही कापडे चर्चच्या मानवी हक्क संस्थेच्या मदतीने परदेशी पोहोचली, तिथल्या लोकांना दडपशाहीची खबर मिळाली आणि विक्रीच्या पैशांवर या स्त्रियांची घरे चालली. यांतील बहुतेकींनी स्वतःला कधी कलावंत म्हणवले नव्हते, हे मला विशेष मोलाचे वाटते.

सत्ताधीशांनाही कलेचे बळ कळत होते, म्हणूनच गायक व्हिक्टर हारा यांची त्याच सप्टेंबरमध्ये हत्या झाली. त्या गुन्ह्यासाठी निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा होण्यास मात्र चार दशकांहून अधिक काळ लागला.