वाचक विचारतात: मैदानावर पाणी किती, कधी आणि कसलं?

प्रश्न : मी शाळेच्या मुलींच्या कबड्डी संघाला मार्गदर्शन करते. संध्याकाळी दोन तास सराव असतो. मुली मध्ये पाणी पीतच नाहीत. प्यायलं की पोट जड होतं, चढाईला दम लागतो, असं सांगतात. मे महिन्यात स्पर्धा आहे. प्रत्येकीने किती पाणी प्यावं? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. एकाच संघातल्या दोन मुलींच्या घामात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून आधी वजनकाटा आणा, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल. सरावाआधी लघवीला जाऊन आल्यावर, अनवाणी आणि हलक्या कपड्यांत वजन घ्या. प्रत्येकीला तिचं नाव लिहिलेली, मोजून भरलेली बाटली द्या. सराव संपला की अंग पुसून, कोरडे कपडे घालून पुन्हा वजन घ्या. घामाने भिजलेला टी-शर्ट अंगावर राहिला तर हिशेब चुकतो, कारण अंगातून गेलेलं पाणी कपड्यात बसून काट्यावर पुन्हा मोजलं जातं.

समजा, एका मुलीचं वजन तासाभरात ५४.२ वरून ५३.४ किलोवर आलं आणि तिने मधल्या वेळात ३०० मिली पाणी प्यायलं. म्हणजे ८०० आणि ३०० मिळून ताशी ११०० मिली घाम गेला. हे मोजमाप मे महिन्यात वेगळं आणि डिसेंबरात वेगळं येईल, तेव्हा दोन्ही ऋतूंत करा.

गेलेला सगळा घाम खेळतानाच भरून काढायची गरज नाही. वजनातली घट २ टक्क्यांच्या आत राहिली म्हणजे पुरे. या मुलीसाठी ती साधारण १ किलो होते. दोन तासांत तिचा २२०० मिली घाम जाणार, म्हणून निदान १२०० मिली पाणी पोटात जायला हवं. दर १५ मिनिटांनी १५० मिली, म्हणजे पाच-सहा घोट. पोट जड होतं ही मुलींची तक्रार खरी आहे, पण दोष पाण्याचा नाही. तासभर कोरड्या घशाने खेळून मग अर्धा लिटर एकदम घटाघटा प्यायलं की पाणी पोटात डचमळतंच. शरीर तापलेलं आणि कोरडं असलं की जठरातून पाणी पुढे सरकायलाही जास्त वेळ लागतो. सरावात दोन-तीन आठवडे थोडं थोडं पिण्याची सवय लावली की सामन्याच्या दिवशी त्रास होत नाही.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट आम्ही मुद्दाम विचारतो. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का? ते नसेल तर मुली सकाळपासून पाणी टाळतात आणि मैदानात येतानाच त्यांच्या अंगात पाणी कमी असतं. याला आळस किंवा हट्ट समजू नका. स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचल्यावर आधी ही सोय पाहा, कुलूप असेल तर किल्ली मागून घ्या आणि मुलींना ती जागा दाखवा.

सामन्याच्या दोन ते चार तास आधी किलोमागे ५ ते १० मिली पाणी प्यावं. ५४ किलोच्या मुलीला ३०० ते ५०० मिली पुरेल. दिवसात दोन-तीन सामने असतील तर दोन सामन्यांच्या मधे वजन घ्या. १ किलो घटलं असेल तर सव्वा ते दीड लिटर पाणी थोडं थोडं करून द्या, आणि सोबत मीठ असलेलं काही खायला द्या. नुसतं पाणी दिलं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. आणि कृपया एकच बाटली सगळ्यांच्या तोंडाला लावू नका. स्पर्धेत एकीला ताप आला की दोन दिवसांत तो अर्ध्या संघात पसरतो.

प्रश्न : बाजारातली स्पोर्ट्स ड्रिंक परवडत नाहीत. घरी काय करता येईल? नारळपाणी, ताक, ओआरएस चालतं का? (रत्नागिरी)

उत्तर : तासाभराच्या आतल्या खेळाला साधं पाणी पुरतं. त्याहून जास्त वेळ घाम गाळायचा असेल तर १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर (सपाट १२ चमचे, चहाचा चमचा) आणि दीड ग्रॅम मीठ (पाव चमचा) विरघळवा, चवीला अर्धं लिंबू पिळा. साखर या प्रमाणापेक्षा वाढवू नका. १०० मिलीत ८ ग्रॅमच्या पुढे साखर गेली की पाणी जठरात अडकतं, आतडी अंगातलंच पाणी ओढून घेतात आणि पोटात कळा येतात. कोरडी ग्लुकोज पावडर जिभेवर टाकून धावणाऱ्यांचंही हेच होतं.

रत्नागिरीत कोकम हाताशी असणार. पण आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ आधीच असतं. तेव्हा आगळ वापरलं तर वरून मीठ घालण्याआधी चव घ्या. अमृत कोकमात साखर असते, तिथे साखरेचा हिशेब बदला.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण घामातून मुख्यतः जातं ते सोडियम. म्हणून शहाळ्यात चिमूटभर मीठ घालून प्या. ताक सरावानंतर उत्तम, धावता धावता नको. ओआरएस हे जुलाबासाठीचं औषध आहे. त्यात साखर कमी आणि मीठ जास्त असतं. खूप घाम गेल्यावर ते चालतं, पण पाकिटावर जितकं पाणी लिहिलं आहे तितक्यातच पूर्ण पाकीट घाला. ‘थोडं कडक’ म्हणून निम्म्या पाण्यात कालवू नका. ओआरएस घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. हे सूत्र न पाळणाऱ्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

प्रश्न : जानेवारीत मुंबईत पहिली पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे. साडेपाच तास लागतील. ‘तहान लागायच्या आत प्या, एकही पाण्याचा स्टॉल सोडू नका’ असं ग्रुपमध्ये सांगतात. बरोबर आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही, आणि तुमच्या वेगाने धावणाऱ्यासाठी हा सल्ला सगळ्यात धोक्याचा आहे. हळू धावणाऱ्याला घाम तुलनेने कमी येतो, रस्त्यावरचा वेळ जास्त असतो आणि स्टॉल पुष्कळ लागतात. समजा, ताशी ७०० मिली घाम जातो आणि तुम्ही ताशी एक लिटर पिता. साडेपाच तासांत दीड लिटरहून अधिक जास्तीचं पाणी अंगात साठतं. एरवी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, पण दीर्घ श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं. मग रक्तातलं सोडियम पातळ होतं, पेशी फुगतात, आणि कवटीत मेंदूला फुगायला जागा नसते.

२००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम घसरलेलं आढळलं. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू याच कारणाने दगावली. स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं म्हणजे आपण सुरक्षित, हा समजही चुकीचा आहे. त्यातलं सोडियम रक्तापेक्षा खूपच कमी असतं, त्यामुळे अति प्यायलं तर तेही सोडियम पातळच करतं.

सरावातल्या दोन-तीन लांब धावांत वर सांगितल्याप्रमाणे घाम मोजा आणि शर्यतीत त्याहून कधीही जास्त पिऊ नका. तहान लागली की प्या, नसेल तर स्टॉलवरून पुढे जा. मुंबईची दमट हवा आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाला लागणारं ऊन यामुळे तिथे तहान वाढेल, तेवढ्यापुरतं प्रमाण वाढवा. शर्यतीआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका.

अंगठी रुतायला लागली, बोटं सुजली, डोकं ठणकतंय, मळमळतंय, किंवा सोबतचा माणूस असंबद्ध बोलतोय, तर त्याला आणखी पाणी पाजू नका, थेट वैद्यकीय तंबूत न्या. पण असंबद्ध बोलणाऱ्याचं अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा. मग जागेवरच बर्फाच्या पाण्याने अंग थंड करायला लागा आणि मदत बोलवा.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, तालमीत जातो. स्पर्धेच्या गटापेक्षा वजन दोन किलो जास्त भरतंय. दोन दिवस पाणी बंद करून, जाडजूड कपड्यांत पळवलं की उतरेल, असं सांगतात. (कोल्हापूर)

उत्तर : करू देऊ नका. अशाच पद्धतीने वजन उतरवताना १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान दगावले. त्यानंतर तिथे प्लास्टिकचे सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. पाणी तोडल्याने उतरलेले दोन किलो ही चरबी नसते. रक्त दाट होतं, हृदयाचे ठोके वाढतात, घाम आटतो आणि अंग आतून तापत जातं. वजन झाल्यावर कुस्तीपर्यंतच्या दोन-चार तासांत ते पाणी पुरतं भरूनही येत नाही.

मुलगा वाढीच्या वयात आहे, त्याला वरच्या गटात उतरवा. वस्तादांशी वजनापेक्षा ताकदीबद्दल बोला, ते ऐकतील. आणि मेहनतीनंतर लगेच ठंडाईचा तांब्या नको. बदाम-खसखशीच्या स्निग्धपणामुळे ती पोटात रेंगाळते. आधी मीठ-लिंबाचं पाणी द्या, ठंडाई अर्ध्या-पाऊण तासाने.

प्रश्न : पोलीस भरतीच्या १६०० मीटरआधी किती पाणी प्यावं? (परभणी)

उत्तर : पाच-सहा मिनिटांच्या धावेत भरून काढण्याइतका घाम जात नाही. त्रास होतो तो पहाटेपासूनच्या रांगेचा. घरून निघताना ४०० मिली प्या, रांगेत उन्हात उभे असाल तर दर अर्ध्या तासाने चार-पाच घोट, आणि धावण्याआधीच्या शेवटच्या २० मिनिटांत फक्त घसा ओला करा.