हेडफोन काढ, मग बोलू

प्रिय ताई,

मी मूळची मिरजेची. पुण्यात उपयोजित कला शिकते, दुसरं वर्ष. लहानपणापासून गाणं शिकले, गाण्याच्या परीक्षांत मध्यमा पूर्ण झाली, विशारद राहिलं. आता दिवस कॉलेजात जातो आणि रात्र शीट्सवर. संगीताशिवाय मला मिनिटभर करमत नाही. चित्र काढताना भीमसेन, बसमध्ये कुमारजी, झोपताना किशोरीताई. पण रियाज बंद आहे, पीजीच्या काकूंना आवाज चालत नाही. मैफलीच्या पोस्टरवर सरांनी शेरा मारला, ‘नीट आहे, पण जीव नाही.’ मला वाटतं, माझा जीव गाण्यात आहे म्हणून तो इथे उतरत नाही. कोर्स सोडून पूर्णवेळ गाणं करू का? बाबा म्हणतात, गाणं छंद म्हणून ठेव. मैत्रिणी फिरोदिया करंडक स्पर्धेच्या टीममध्ये बोलावताहेत. घरचा तंबोरा पुण्याला आणावा का, तेही सांगा. दोन डगरींवर हात ठेवून मी बुडणार असं वाटतंय. पोस्टरचा फोटो जोडते आहे.

– बेसूर, पुणे

*

बेसूर,

आधी हे टोपणनाव बदल. बेसूर माणसाला आपण बेसूर आहोत याचा पत्ताच नसतो. तुला पत्ता आहे, म्हणजे कान शाबूत आहे.

तुझं पत्र छापताना बरंच छाटावं लागलं, आणि खरी गंमत त्या छाटलेल्या भागातच होती. आउटलाइन करताना काय ऐकायचं, रंग भरताना काय, मेसचा डबा खाताना काय, हे तू इतकं तपशीलवार लिहिलंयस की वाचून मलाच दमायला झालं. स्वतःच्या गळ्याबद्दल मात्र एकच वाक्य. ‘रियाज बंद आहे.’ किती दिवस बंद, शेवटचं काय गायलीस, कुठला राग अर्धा सुटला, काही नाही.

म्हणून सरळ बोलते. तू दिवसभर संगीतात आहेस असं तुला वाटतं, पण दिवसभर तुझ्या कानात फक्त आवाज चालू असतो. शिरोरेषा आखताना विलंबित ख्याल लावला तर तो ऐकला जात नाही, हातही धड चालत नाही. पंचमावरचा ठहराव कधी आला नि गेला ते कळत नाही, कारण तेव्हा तू स्केलपट्टी शोधत असतेस. आणि रात्री वाटतं, आज सहा तास गाणं ऐकलं, झालं की! भूक मोडली आहे तुझी, दिवसभर फुटाणे खाणाऱ्या पोरासारखी. जेवणाच्या वेळी पोट भरलेलं वाटतं आणि अंगी तर काही लागत नाही.

तेव्हा पहिलं काम, शीट करताना हेडफोन काढून ठेव. पहिले काही दिवस भयंकर जातील. रूममेटचं घोरणं, पंख्याची कुरकुर, स्वतःच्या डोक्यातली भुणभुण, सगळं ऐकू येईल. येऊ दे. ऐकायचं तेव्हा नुसतं ऐक. एक राग, एका बैठकीत, हातात पेन नाही, फोन पालथा. किशोरीताईंचा भूप लावलास तर संपेपर्यंत उठू नकोस. आठवड्यात एकदा एवढं जमलं तरी तुझ्या आताच्या सहा तासांपेक्षा जास्त पदरात पडेल.

आता कोर्स सोडण्याबद्दल. नको. निदान आत्ता तरी नको, आणि बाबा म्हणतात म्हणून तर मुळीच नाही. बाबांचं ‘छंद म्हणून ठेव’ मला पटत नाही. ज्या मुलीने मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या, तिच्या गाण्याला छंद म्हणणं म्हणजे घरातल्या माणसाला पाहुणा म्हणणं. पण तुझं म्हणणंही मला पटत नाही. दिवसाकाठी वीस मिनिटं न गाणारी मुलगी पूर्णवेळ गाणार म्हणते, तेव्हा तिला गाण्याकडे जायचं नसतं, सबमिशनपासून पळायचं असतं. सोडायचंच असेल तर आधी सहा महिने रोज गाऊन दाखव. मला नाही, स्वतःला. त्यानंतरही हेच वाटलं तर पुन्हा लिही, तेव्हा माझं उत्तर वेगळं असू शकेल.

शिवाय चित्रकला आवडत नाही असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस. उलट ‘मल्हार’ या शब्दाचं लेटरिंग करताना ‘ल्हा’ची जोडणी बसेना, म्हणून रात्री दोनपर्यंत ट्रेसिंग पेपरवर ट्रेसिंग पेपर टाकत बसलीस, हे तू अशा चवीने लिहिलंयस की तेवढा परिच्छेद मी शेजारच्या टेबलवर वाचून दाखवला. आवडत नसलेल्या विषयासाठी कुणी एका जोडाक्षरापायी जागत नाही, बाई.

पोस्टर पाहिलं. सर बरोबर आहेत. तंबोऱ्याची सावली, मागे मावळता सूर्य, कोपऱ्यात ओम आणि हवेत उडणारे पाश्चात्त्य स्वरलिपीचे ते काळे ठिपके. अगं, तू भातखंडे-पलुस्करांच्या स्वरलिपीत शिकलेली मुलगी, ते ठिपके तुझे कुठून झाले? तुझा जीव गाण्यात अडकलाय म्हणून पोस्टरात उतरला नाही, असं नाही. गाण्याबद्दल तुला जे आतून माहीत आहे, ते तू पोस्टरात वापरलंच नाहीस. कुणीही शोधून लावलं असतं तेच लावलंस.

जुन्या चित्रकारांनी राग रंगवले, ती रागमाला चित्रं बघ. राजस्थानी, पहाडी, आपल्या दख्खनचीसुद्धा आहेत. तोडी म्हणजे वीणा घेतलेली बाई आणि भोवती जमलेली हरणं. गवई नाही, मैफल नाही. पुढे त्याचाही साचा झाला, ती गोष्ट वेगळी. आणि कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत केलेली अक्षरं बघ. बहुतेक वेळा चित्र लागतच नाही, नुसत्या नावाच्या वळणावरून नाटक गंभीर की फार्स ते कळतं. तू लेटरिंगमध्ये रमतेस, तर पोस्टर अक्षरांवरच पेल. आलापाला भरपूर मोकळी जागा लागते हे तुला माहीत आहे, मग कागदावरची एवढीशी मोकळी जागा बघून घाबरून तिथे ओम का टाकलास? तालाच्या बारा मात्रा फिरून समेवर, पहिल्या मात्रेवर, यायचं म्हणजे काय हे गळ्याला कळलेलं आहे. बघणाऱ्याची नजर फिरून कुठे टेकावी, हा प्रश्न त्याहून फार वेगळा नाही.

आणि तू मिरजेची! तुमच्याकडच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुढच्या सुट्टीत घरी लोळण्याऐवजी स्केचबुक घेऊन सतारमेकर गल्लीत जाऊन बस. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत टांगलेले असतात, कुणी तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला, रंधा मारत असतो, कुणी कोरीव पानं बसवत असतो. जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना, बघ. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. तारेखालचा तो दोरा केसभर सरकला की आवाज उघडतो. कारागिराचा चेहरा तेव्हा काय होतो ते काढ. इलस्ट्रेशनच्या वर्षभराच्या शीट्सना पुरेल इतका माल तुझ्या गावात पडलाय आणि तू मावळते सूर्य काढतेस. मात्र त्यांच्या कामात लुडबुड नको, विचारून बस, आणि काढलेलं एखादं स्केच त्यांना देऊन ये.

तंबोरा पुण्याला आणू नकोस. एका खोलीत चौघी, ओले टॉवेल आणि ये-जा, आठवड्यात भोपळ्याला तडा जाईल. घरी तारा जरा उतरवून, गवसणी घालून, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवायला आईला सांग. इथे ॲप पुरे. फक्त ते फोनच्या फुसक्या स्पीकरवर लावू नकोस, एखादा छोटा स्पीकर घे, आणि फोन एअरप्लेन मोडवर टाक. षड्ज लावला नि ग्रुपवर ‘उद्या व्हायवा आहे का गं?’ वाजलं की संपलं.

राहता राहिल्या काकू. ‘आवाज चालत नाही’ हे त्या म्हणाल्या की तू गृहीत धरलंस? पत्रातून नीट कळत नाही. माझा अंदाज, रात्री अकराला तुम्ही चौघी मोठ्याने हसलात, तेव्हाची ती तंबी असावी. संध्याकाळी साडेसहा ते सात गायले तर चालेल का, असं ठरावीक वेळ घेऊन विचार. मोघम परवानगी कुणी देत नाही, अर्ध्या तासाला सहसा नाही म्हणत नाही. पेठेतल्या काकू आहेत, कदाचित ‘मारवा आता घेऊ नकोस, उतरली ना वेळ’ म्हणून आतून ओरडतीलही. नाहीच म्हणाल्या तर कॉलेज सुटल्यावर एखादा रिकामा वर्ग मागून घे. त्या अर्ध्या तासात सुरुवात खर्जाने, खालच्या सुरांनी कर, मग पलटे, म्हणजे सुरांचे उलटसुलट पाठ, मग एकच राग, महिनाभर तोच. इतके दिवस बंद असलेल्या गळ्याने पहिल्याच दिवशी तार सप्तकात जायचा हट्ट नको.

विशारदचा फॉर्म या खेपेला भरू नकोस. नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र तुझ्या सबमिशनच्या बोकांडी बसेल आणि दोन्हीकडे काठावर पास होशील.

डिसेंबरातच ‘सवाई’ संगीत महोत्सव असतो. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मृतीसाठी 1953 मध्ये सुरू केलेला, आणि ते गुरू सवाई गंधर्व म्हणजे तुमच्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. एवढं नातं असताना पुण्यात राहून सवाई चुकवू नकोस. सगळे दिवस नको, एक दिवस निवड, भारतीय बैठकीचं तिकीट काढ, शाल ने. आणि तिथे स्केचबुक नेऊ नकोस. का ते वर सांगितलंय.

फिरोदियाला जरूर जा. गाणं, वाद्यं, नाच, चित्र, सगळं एकाच संहितेत ओवायचं अशी दुसरी स्पर्धा शोधून सापडायची नाही, तुझ्यासारखीला तर ती सोयीचीच. पण अट आधी घाल, ‘मी गायला येते.’ तू कला शाखेची आहेस हे कळलं की तालमीच्या तिसऱ्या दिवशी हातात ब्रश येतो, आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री बाकीचे चहा पीत असताना तू एकटी थर्माकोल रंगवत बसतेस. असल्या पोरी मी बऱ्याच पाहिल्यात.

बाबांशी मात्र इतक्यात ‘कोर्स सोडू का’ हा विषय काढू नकोस. त्यापेक्षा दिवाळीला घरी जाशील तेव्हा गवसणी काढ, तंबोरा लाव आणि त्यांच्यासमोर बसून गा. वाद घालण्यापेक्षा ते बरं.

– ताई

ता. क. पोस्टर पुन्हा नीट पाहिलं. मैफलीची तारीख आहे, स्थळ आहे, वेळ कुठेच नाही. जीव नंतर ओत, आधी लोकांनी किती वाजता यायचं ते लिही.