काळ लावायचा तो पहिल्या शब्दाला
वाचकांचे प्रश्न : इंग्रजी

प्रश्न : बाई, मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. शिफ्ट संपताना रजिस्टर इंग्रजीत भरावं लागतं. 'मशीन ब्रेकडाऊन्ड ॲट इलेव्हन' असं लिहिलं, तर साहेबांनी लाल शाईचा गोल केला. पुढच्या वेळी 'वॉज ब्रोकन डाऊन' लिहिलं, तेही चूक म्हणाले. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, नंतर आयटीआय. अशा जोडीच्या शब्दांना भूतकाळ लावायचा कुठे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : पहिल्या शब्दाला. 'डाऊन'ला कधीच हात लावू नका. 'द मशीन ब्रोक डाऊन ॲट इलेव्हन' एवढं लिहा, गोल पडणार नाही.

तुमचा प्रश्न वाचून मला मनापासून बरं वाटलं, कारण खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवताना हीच अडचण मी वह्यांमधून पाहत आले. मुलं हुशार असूनही इथे घसरतात, आणि त्याला कारण आहे. आपण बोलताना 'मशीन ब्रेकडाऊन झालं', 'सेटअप केलं', 'लॉगइन केलंय' असं म्हणतो. काळ दाखवायचं काम 'झालं' आणि 'केलं' करतात, इंग्रजी शब्द जागचा हलत नाही. तो एकच सलग शब्द म्हणून डोक्यात बसतो. मग इंग्रजी लिहायला घेतलं की 'झालं' गळून पडतं आणि त्याच्या जागी भूतकाळाची 'ईडी' (ed) येऊन शेवटी चिकटते.

शिवाय आपली भाषाच काळ शेवटी ठेवते. 'फेकून दिलं, फेकून देतो, फेकून देईन' यात 'फेकून' तसंच राहतं, बदलतं ते पुढचं क्रियापद. कन्नडातही तोच प्रकार : 'मुगिदु होयितु' (संपून गेलं), 'मुगिदु होगुत्तदे' (संपून जातं). म्हणजे आपल्या भागातल्या माणसाला घरी मराठी असो वा कन्नड, सवय एकच लागलेली असते. इंग्रजीत नेमकं उलटं आहे. ब्रेक्स डाऊन, इज ब्रेकिंग डाऊन, ब्रोक डाऊन, हॅज ब्रोकन डाऊन, विल ब्रेक डाऊन. 'डाऊन' पाचही ठिकाणी जसाच्या तसा आहे. एकट्या 'ब्रेक'ची रूपं जशी चालतात तशीच इथे चालवायची, नवीन पाठांतर काही नाही.

आता 'वॉज ब्रोकन डाऊन' का नको? मशीन आपलं आपण बिघडतं, तेव्हा 'वॉज' लागत नाही. तसं लिहिलं तर कुणीतरी ते सुटं केलं असा अर्थ निघू शकतो. मात्र तुम्ही स्वतः मशीन बंद केलं असेल, तर 'द मशीन वॉज शट डाऊन' हे अगदी बरोबर. आणखी एक, जे तुमच्या रजिस्टरला फार उपयोगी पडेल : वेळ लिहिली असेल तर 'ब्रोक डाऊन'. वेळ न लिहिता पुढच्या शिफ्टवाल्याला 'बंद पडलंय, अजून तसंच आहे' असं कळवायचं असेल तर 'हॅज ब्रोकन डाऊन'. 'हॅज ब्रोकन डाऊन ॲट इलेव्हन' असं मात्र लिहू नका. 'हॅज' आणि 'ॲट इलेव्हन'सारखी होऊन गेलेली नेमकी वेळ एका वाक्यात नांदत नाहीत.

तुमच्या कामात रोज लागणारी आणखी काही सांगते. कूलंट संपलं : 'द कूलंट रॅन आऊट', 'हॅज' लावलं की पुन्हा 'रन', म्हणजे 'हॅज रन आऊट'. इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं टोक, झिजला : 'वोअर आऊट', 'हॅज वोर्न आऊट'. चार्ज दिला : 'हँडेड ओव्हर'. शट, सेट, कट यांचं भूतकाळी रूपही तेच राहतं, म्हणून 'वुई शट डाऊन द मशीन ॲट टू' हा भूतकाळच आहे; 'शटेड' असा शब्द इंग्रजीत नाही. 'डिड' आला की क्रियापद मूळ रूपात : 'द अलार्म डिड नॉट गो ऑफ', अलार्म वाजला नाही. हो, वाजला नाही! 'ऑफ' पाहून बंद झाला असं समजू नका. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे तो वाजला. मशीनशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला हा फरक माहीत हवाच.

कानावर फार विसंबू नका. 'स्विच्ड'चा उच्चार 'स्विच्ट' होतो आणि पुढच्या 'ऑफ'ला मिसळून 'स्विच्टॉफ' असं काहीतरी कानी पडतं. मधली 'ईडी' ऐकूच येत नाही, म्हणून लिहिताना सुटते. तोंडाने म्हणताना दोन्ही शब्द आधी सावकाश, वेगळे म्हणा.

आणि घाईत अडलात तर 'देअर वॉज अ ब्रेकडाऊन ॲट इलेव्हन' लिहा. हेही शुद्ध आहे. इथे ते नाम आहे, म्हणून एका शब्दात जोडून लिहायचं आणि जोर 'ब्रेक'वर द्यायचा. क्रियापद असताना दोन शब्द सुटे आणि जोर 'डाऊन'वर. तुमचं पहिलं वाक्य चुकलं ते या नामालाच 'ईडी' लावल्यामुळे.

प्रश्न : मुलगी यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे. 'टर्न ऑफ द फॅन' बरोबर आणि 'टर्न ऑफ इट' चूक, असं का?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, 'फॅन' हे नाम आहे, ते मध्ये किंवा शेवटी कुठेही चालतं : 'टर्न ऑफ द फॅन', 'टर्न द फॅन ऑफ'. 'इट', 'देम', 'हिम' ही सर्वनामं मात्र मध्येच बसतात : 'टर्न इट ऑफ'. काळ बदलला तरी जागा तीच : 'शी टर्न्ड इट ऑफ', 'शी हॅज टर्न्ड इट ऑफ'. पण प्रत्येक जोडी अशी फुटत नाही. 'लुक आफ्टर' कधीच तुटत नाही. 'शी लुक्ड आफ्टर हर ग्रँडमदर', 'शी लुक्ड आफ्टर हर' असंच. तेव्हा नवी जोडी वहीत उतरवताना मुलीला त्या जोडीत 'इट' किंवा 'हर' योग्य जागी घालून एक पूर्ण वाक्य लिहायला सांगा, तेही भूतकाळात. गाईडमधली नुसती अर्थांची यादी पाठ करून ही जागा कळत नाही.