वाचकांचे प्रश्न : एकच मैदान, दोन फुटबॉल संघ

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या छोट्या महाविद्यालयात मुलांचा फुटबॉल संघ आहे. यंदा मुलींनीही संघाची मागणी केली आहे. परंतु नावे नऊच आली असून मैदानही एकच आहे. ११ मुली झाल्याशिवाय सराव सुरू करू नये, असे प्राचार्यांचे मत आहे. मुलींसाठी चेंडू व गोलपोस्ट वेगळे लागतात का, हेही कळवावे.
— शारीरिक शिक्षण संचालक, दारव्हा तालुका

उत्तर : सरावाला ११ची अट लावण्याचे कारण नाही. एखाद्या संघाचे ७पेक्षा कमी खेळाडू असतील तरच सामना सुरू करता येत नाही, असा खेळाचा नियम आहे. तरीही नऊ जणींना यंदाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरवू नये, कारण पूर्ण संघाविरुद्ध ९० मिनिटे धावताना त्यांची दमछाक होईल आणि पहिल्याच वर्षी दहा-बारा गोलांनी हरलेल्या मुली पुढच्या वर्षी मैदानावर येतीलच, याचा भरवसा नाही. त्याऐवजी अर्ध्या मैदानावर चार-चार जणींचे सामने खेळवावेत. त्यांत प्रत्येकीच्या वाट्याला चेंडू अधिक वेळा येतो. झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या नागपूरच्या स्लम सॉकर संस्थेचे खेळाडू बेघरांच्या ज्या ‘होमलेस वर्ल्ड कप’ स्पर्धेत खेळतात, तेथेही एका बाजूला चारच खेळाडू असतात. खो-खो खेळणाऱ्या मुलींनाही अवश्य विचारावे, कारण पळता पळता झटकन दिशा बदलणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

चेंडू दोघांनाही ५ नंबरचाच लागतो आणि गोलपोस्टचे मापही ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असे एकच आहे; त्यामुळे त्यासाठी वेगळा खर्च नाही. बूट मात्र प्रत्येकीच्या मापाचे घ्यावेत. मुलांचे जुने बूट मुलींना देण्याची काटकसर करू नये.

खरी अडचण वेळेची आहे. मुलांचा सराव आटोपल्यावर उरलेला वेळ मुलींना दिला, तर गावाकडची शेवटची एसटी निघून जाते आणि महिनाभरात संघ मोडतो. म्हणून आठवड्यातील तीन दिवस मैदान मुलींचे व तीन दिवस मुलांचे, अशी सरळ वाटणी करून सरावाची वेळ एसटीचे वेळापत्रक समोर ठेवूनच ठरवावी. दिवाळीच्या सुमारास अनेक मुली कापसाच्या वेचणीला जातात. त्या दिवसांतील गैरहजेरीवरून कोणाचे नाव कापू नये.

आपल्याकडील काळी माती पावसात बुटांच्या स्टडला (तळाच्या खुंट्यांना) लगदा होऊन चिकटते. गोलसमोर मुरूम टाकण्याचा मोह होतो. पण त्याने गोलरक्षकाचे गुडघे-कोपरे सोलतात, तेव्हा मैदानाच्या कडेने चर खोदून पाणी काढून देणे बरे. पुढे जमीन वाळून भेगाळते, त्यांत स्टड अडकून गुडघा मुरगळतो. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचा धोका महिला खेळाडूंना पुरुषांपेक्षा अधिक असल्याने सरावाआधी भेगा माती दाबून बुजवून घ्याव्यात. फिफाचा ‘११ प्लस’ हा १५ व्यायामांचा वॉर्म-अप २० मिनिटांत होतो आणि त्याला खर्चिक साहित्य लागत नाही; तो मुलांकडूनही करून घ्यावा.

पुढील सत्रारंभी प्रवेश घेणाऱ्या मुलींपैकी चार-पाच जणी मिळाल्या, की अमरावती विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी संघाची प्रवेशिका भरावी.