प्रश्न तुमचे: चोक झालेल्या बॅगा आणि भट्टीतली जास्तीची हवा

प्रश्न : फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्टीला (विजेवर धातू वितळवणारी) बॅग फिल्टर (धूर कापडी पिशव्यांतून गाळणारे यंत्र) बसवून चारच महिने झाले. बॅगा चोक होतात आणि चार्जिंगच्या (भंगार टाकण्याच्या) वेळी हूडमधून (भट्टीवरच्या धूर ओढणाऱ्या झाकणातून) धूर शेडमध्ये पसरतो. पुरवठादार म्हणतो, बॅगा बदला. बदलाव्यात का?

आधी कारण शोधा, नाहीतर नव्या बॅगांचीही तीच गत होईल. डीपी मीटर (बॅगांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा) किती दाखवतो ते बघा. पल्स-जेट फिल्टरला (कॉम्प्रेस्ड हवेच्या झटक्यांनी, म्हणजे पल्सने, बॅगा झटकणारा) 100 ते 150 मिमी (पाण्याचा स्तंभ) ठीक. 200 च्या वर जाऊन पल्सिंगनंतरही उतरत नसेल, तर धूळ कापडाच्या आत रुतली आहे.

तुमच्या बाबतीत पहिला संशय भंगारावर. कटिंग ऑइल लागलेले टर्निंग-बोरिंग (लेथवरचा धातूचा कीस) भट्टीत पडले की तेलाची वाफ उठते, थंड होता होता बॅगेवर बसते आणि वर धुळीचा लेप चढतो. हा लेप पल्सने निघत नाही. टर्निंग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल काढा किंवा आधी तापवून कोरडे करा. मात्र तापवताना उठणारी वाफही जाळावी लागते, ती तशीच बाहेर सोडली तर धुराची फक्त जागा बदलते. ओले तेलकट भंगार वितळलेल्या धातूवर टाकणे तर धोक्याचेच.

दुसरा संशय कॉम्प्रेस्ड हवेतल्या पाण्यावर. हेडरचा (पल्सची हवा साठवणाऱ्या नळकांड्याचा) ड्रेन उघडा. पाणी आले तर प्रत्येक पल्सबरोबर बॅगेवर आतून फवारा बसतो आहे. ड्रायर नीट करा. अशा वेळी बरेच जण पल्सचा दाब वाढवतात. त्याने बारीक धूळ उलट कापडातून आरपार जाते आणि चिमणी धुरकट दिसू लागते. हॉपरही (बॅगांखालचा धूळ साठणारा भाग) वेळच्या वेळी रिकामा करा, तो भरला की खाली पडलेली धूळ पुन्हा वर उडते.

हे सगळे सुधारल्यावरच नव्या बॅगा चढवा आणि पहिल्याच दिवशी प्रीकोट (कापडाला संरक्षक थर) द्या: पल्सिंग बंद, ब्लोअर चालू, आणि कापडाच्या दर चौरस मीटरला साधारण 250 ग्रॅम बारीक, कोरडी चुनखडीची भुकटी डक्टमधून सोडा. पॉलिएस्टर बॅग सलग 130 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. त्यामुळे ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर हवाच.

शेडमधला धूर हा मात्र बहुधा हूडचा दोष. हूड क्रेनला अडतो म्हणून वर उचलून ठेवतात. अंतर दुप्पट झाले की तोच धूर ओढायला जवळजवळ चौपट हवा लागते, आणि तेवढी ताकद ब्लोअरमध्ये नसते. बाजूला सरकणारा हूड करून घ्या.

प्रश्न : रिहीटिंग फर्नेसच्या (रोलिंगआधी बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, तापवणारी भट्टी) चिमणीतल्या वायूत ऑक्सिजन 8 टक्के येतो. धूर अजिबात दिसत नाही. म्हणजे ज्वलन उत्तम ना?

ज्वलन पूर्ण आहे, उत्तम नाही. हिशेब सोपा: ऑक्सिजन भागिले (21 वजा ऑक्सिजन); 21 म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनची टक्केवारी. 8 ला 13 ने भागा. गरजेपेक्षा सुमारे 62 टक्के जास्त हवा तुम्ही तापवून चिमणीतून सोडता आहात. शिवाय बिलेटवर स्केल (गंजासारखी ऑक्साइडची खपली) वाढते, तो तोटा वेगळा. ऑक्सिजन 2.5 टक्क्यांवर आणला तर जास्तीची हवा साधारण 13 ते 14 टक्के राहते.

पण लगेच डँपर (हवेची झडप) आवळू नका. ऑक्सिजन मोजणारा प्रोब कुठे आहे? रिक्युपरेटरच्या (बाहेर जाणाऱ्या वायूच्या उष्णतेने ज्वलनाची हवा तापवणारे नळ्यांचे उपकरण) आधी आणि नंतर, दोन्हीकडे मोजा. नंतरचा आकडा ठळकपणे जास्त असेल, तर नळ्यांना भोके आहेत आणि ज्वलनाची हवा चिमणीकडच्या वायूत गळते आहे. आधीचाच जास्त असेल, तर दार बघा. भट्टीतला दाब हार्थच्या (भट्टीच्या तळाच्या) पातळीला बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त नसला की दाराच्या फटीतून थंड हवा आत ओढली जाते. या दोन गोष्टी मिटल्यावर बर्नरची हवा थोडी थोडी कमी करा, कार्बन मोनॉक्साइडवर नजर ठेवून. तो चढू लागला की एक पाऊल मागे.

प्रश्न : सिमेंटची भट्टी पूर्ण हरित विजेवर चालवली तर कार्बन उत्सर्जन शून्य होईल का?

नाही. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघतो, उष्णता कुठूनही येवो. हा वायू पकडायचा नसेल, तर क्लिंकरचे (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट करायचे खडे) प्रमाणच कमी करावे लागते. एलसी-3 (चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती मिसळलेल्या) सिमेंटमध्ये साधारण 50 टक्के क्लिंकर, 30 टक्के भाजलेली चिकणमाती, 15 टक्के चुनखडी आणि 5 टक्के जिप्सम असते. माती 700 ते 850 अंशांवर भाजते, क्लिंकरला 1450 लागतात. मात्र अशा काँक्रीटला पाण्याची भूक जास्त. साइटवर वरून पाणी ओतू नका, प्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट सैल करणारे रसायन) वापरा.