युरिक्लिया कोण होती?

प्रश्न : लघुग्रहांची यादी चाळताना माझ्या मुलीला १९५ क्रमांकासमोर 'युरिक्लिया' हे नाव दिसले. ही कोणी देवता आहे का? (एक वाचक, दादर, मुंबई)

उत्तर : देवता नव्हे, दाई. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात इथाका बेटाचा राजा लेर्टीस हिला तरुणपणी वीस बैलांच्या मोलाने विकत घेतो आणि पुढे त्याच्या मुलाला, ओडिसियसला, हीच लहानाचा मोठा करते. ट्रॉयच्या युद्धाला गेलेला ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी परततो, तेव्हा बायको पेनेलोपीही त्याला ओळखत नाही. मात्र तिच्याच सांगण्यावरून पाहुण्याचे पाय धुताना म्हातारीचा हात गुडघ्यावरच्या जुन्या व्रणावर पडतो, जो त्याला तरुणपणी पर्नासस डोंगरावर रानडुकराच्या सुळ्याने झाला होता. तिच्या हातून पाय सुटतो, काशाचे घंगाळ कलंडते, पाणी जमिनीवर सांडते आणि ओडिसियस तिचा गळा धरून तिला गप्प राहायला बजावतो. (दुष्यंताला अंगठी लागली, हिला नुसता स्पर्श पुरला!) त्यानंतर पेनेलोपीशी लग्न करू पाहणाऱ्यांना ओडिसियस ठार करेपर्यंत ती खरोखरच त्याचे गुपित फोडत नाही, पेनेलोपीजवळसुद्धा नाही; मग मात्र तो परतल्याची बातमी तिला हीच देते.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला हा लघुग्रह ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञ योहान पालिसा यांनी १८७९ मध्ये शोधला. ओडिसियसचा दुसरा निष्ठावंत सेवक, डुकरे राखणारा युमीअस, याचे नाव जेम्स जॉइसच्या, 'ओडिसी'वर बेतलेल्या 'युलिसिस' या १९२२ च्या कादंबरीतील सोळाव्या प्रकरणाला अभ्यासक देतात, जरी छापील पुस्तकात ते शीर्षक नाही. माझे मत विचाराल, तर आकाशातली जागा दाईला मिळाली हेच योग्य झाले.