प्रोब निसटला की थर्मोस्टॅट आंधळा

या वेळचे प्रश्न सगळे घरी पाळलेल्या साप-सरड्यांच्या पेटीतल्या उबेचे आहेत. एक सोडून, त्याकडे शेवटून दुसऱ्या उत्तरात येतो.

प्रश्न (मुलुंड): माझ्या बॉल पायथनच्या (छोट्या परदेशी अजगराच्या) काचेच्या पेटीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई आहे. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं तारेचं टोक) आत सेलोटेपने चिकटवला होता. परवा सकाळी तो पाण्याच्या भांड्यात पडलेला दिसला. काच चटका बसेल इतकी तापली होती आणि सापाच्या पोटावर गुलाबी पट्टा उमटला होता. थर्मोस्टॅट बदलू का?

थर्मोस्टॅटचा काही दोष नाही. प्रोबच्या टोकाला जे कळतं तेवढंच त्याला कळतं. तुम्ही लावले ३२ अंश, प्रोब बसला २६ अंशाच्या पाण्यात; बिचारा रात्रभर मॅट चालू ठेवून ते पाणी तापायची वाट बघत राहिला. सापाने प्रोबवर लघवी केली तरी हेच होतं.

आधी सापाकडे बघा. पोटाखालचा चटका सापाला वेळेवर जाणवतोच असं नाही. भाजत असतानाही तो तिथेच पडून राहतो. गुलाबी खवले पुढे फोड धरू शकतात, म्हणून सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांना आजच दाखवा. तोवर पेटीत माती-भुसा काढून साधा टिश्यू पेपर अंथरा. हळद, तूप, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका.

आता प्रोब. मॅट पेटीखाली असेल तर मी तो आत ठेवतच नाही. मॅट आणि काच यांच्यामध्ये, मॅटच्या मधोमध बसवतो; तिथे साप पोचत नाही. मात्र तिथलं तापमान आणि सापाच्या पोटाखालचं तापमान एक नसतं, मध्ये काच आणि अंथरूण असतं. इन्फ्रारेड थर्मामीटरची गन घ्या, उबदार कोपऱ्यातलं अंथरूण बाजूला सारून काचेवर धरा (साप भुसा उकरून तिथवर जातोच) आणि तिथे ३१ ते ३३ येईपर्यंत थर्मोस्टॅटचा आकडा एकेक अंशाने हलवा. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन तास थांबा. पेटीला खाली रबरी पाय लावा. काच टेबलावर सपाट टेकली की उष्णता कोंडते आणि तळ तडकू शकतो.

प्रोब आतच हवा असेल तर ग्लू गनचा जाड थेंब, किंवा अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन. सिलिकॉनला सुकायला दोन दिवस द्या आणि आंबूस वास पूर्ण गेल्याशिवाय साप आत सोडू नका. तारही मोकळी नको, दर चार बोटांवर चिकटवा. साप तारेखाली डोकं घालून उचकटतो. व्हॅक्यूम कप दमट हवेत सुटतो, मुंबईत तर हमखास. आणि टेप कधीच नाही. सुटलेल्या टेपला साप चिकटला की ओढताना खवले निघतात. तसं झालंच तर खोबरेल तेल लावून, थांबून, हळूहळू सोडवा.

पेटीबाहेर तार टेबलाच्या पायाला बांधा. आमच्याकडे दोनदा प्रोब सापाने नाही, लादी पुसणाऱ्या मॉपने ओढला होता.

प्रश्न (दादर): मुंबईत मुळात हीटर लागतो का?

मे महिन्यात बहुधा नाही, एसी लावून झोपत असाल तर लागतो. बॉल पायथनला पेटीचं एक टोक ३२ च्या आसपास आणि दुसरं २६ च्या आसपास हवं असतं. हा फरक मॅट तयार करते. पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यात आणि जानेवारीच्या रात्री ती उपयोगी पडते. पण बंद फ्लॅटमध्ये खोलीच ३४ वर गेली तर थर्मोस्टॅट फक्त मॅट बंद करू शकतो, थंड करू शकत नाही. म्हणून पश्चिमेच्या भिंतीपासून पेटी लांब ठेवा, उन्हाळ्यात जमिनीलगत आणा. इथे साप गारठण्यापेक्षा शिजण्याची भीती मला जास्त वाटते.

प्रश्न (गोरेगाव): बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचा उबेचा बल्ब, सिरॅमिक हीटर (उजेड न देता तापणारा) आणि यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब एकाच चालू-बंद थर्मोस्टॅटवर आहेत. बल्ब सारखे जातात.

जाणारच. बल्बला डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) थर्मोस्टॅट लागतो, सिरॅमिकला पल्स (वीज थांबून थांबून देणारा) किंवा चालू-बंद चालतो, आणि यूव्हीबी थर्मोस्टॅटवर लावायचीच नाही, तिला टायमर. सिरॅमिक हीटर प्लास्टिकच्या होल्डरमध्ये असेल तर हे वाचून होताच काढा. चिनी मातीचा होल्डर आणि भोवती जाळी हवी.

प्रश्न (बोरिवली): नातेवाइकांनी चांदण्यांच्या नक्षीचं स्टार कासव दिलंय. त्याला किती अंश ठेवू?

अंश नाही, फोन करा. स्टार कासव घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. बाहेर कुठेतरी सोडून देऊ नका. बॉल पायथनवाल्यांनाही आठवण: तो परदेशी असला तरी साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीत आहे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करायची असते.

प्रश्न (गिरगाव): प्रोब नीट बसवला, तरी थर्मोस्टॅटच बिघडला तर?

स्वस्त थर्मोस्टॅटमधला रिले (वीज चालू-बंद करणारा आतला स्विच) कधीकधी चालू अवस्थेतच चिकटतो. मग प्रोब कितीही नीट असो, मॅट बंद होत नाही. मी दुसरा थर्मोस्टॅट त्याच लाइनमध्ये, एकामागे एक जोडतो. त्याचा प्रोब वेगळा आणि आकडा तीन अंश जास्त. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडतो. अंड्यांच्या इन्क्युबेटरसाठी मिळणारे उघड्या वायरिंगचे थर्मोस्टॅट वापरत असाल तर ते इलेक्ट्रिशियनकडून बंद डब्यात बसवून घ्या आणि घरात ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, तेही त्याच वेळी विचारा. तार प्लगकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता तिथेच ठिबकेल.